मगरपट्टा: बांध मोडले, मालकी राहिली



पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात की हडपसर लागतं. इथल्या शिवारात ऊस आणि भाजीपाला पिकायचा. आज तिथे मगरपट्टा सिटी उभी आहे. आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, शाळा, रुग्णालय, मोठी बाग. नावातले मगर म्हणजे या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेलं घराणं.

शहर शिवाराला भिडलं की काय होतं, ते आपण गावोगाव पाहिलंय. एजंट इसार देतो, एक भाऊ सही करतो, मग दुसरा. पैसा लग्नात जातो, गाडीत जातो. काही वर्षांनी त्याच जमिनीवरच्या सोसायटीच्या फाटकावर मालकाचा मुलगा पहारा देत असतो.

हडपसरकरांनाही हीच धास्ती होती. याच मगर घराण्यातल्या सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली आणि स्वतःचीच कंपनी काढली. बांधकाम २००० साली सुरू झालं.

यातली खरी अवघड गोष्ट बांधकाम नव्हतीच. ज्या गावात वीतभर बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, तिथे सगळे बांध मोडायचे होते. आराखडा झाल्यावर कुणाच्या वावरातून रस्ता जाणार, कुणाच्या वावरात बाग येणार, तर कुणाच्या वावरात इमारत. मग इमारतवाला श्रीमंत आणि बागवाला कोरडा? तोडगा साधा होता. जितकी जमीन, तितके शेअर. वर काय उभं राहिलं त्याचा संबंध नाही. म्हणून कुणी अडून बसायचं कारण उरलं नाही. शेतकऱ्यांच्या मुलांनी तिथेच बांधकामाची कंत्राटं घेतली, व्यवसाय उभे केले. घरभाड्याचा पैसा आता पावसाची वाट पाहत नाही. पुढे याच वाटेने सिंहगड रस्त्यावर नांदेड सिटी झाली.

मला या प्रयोगाचं मनापासून कौतुक वाटतं. तरी एक गोष्ट सलते. वाटा मिळाला तो सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना. त्याच वावरांत खुरपणीला, भाजी काढायला येणाऱ्या बायांचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नसतं. शेत गेलं की त्यांची मजुरी जाते, आणि बदल्यात शेअर मिळत नाही. पुढच्या गावात जमिनी एकत्र करायला बसाल, तेव्हा त्या बायांनाही बैठकीला बोलवा.