देवाची इच्छा आणि आपली लेखणी



बंगळूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी मला या खुर्चीत बसवलं, त्यांचा मी ऋणी आहे.

आपल्या घरांत ‘देवाची इच्छा’ हे शब्द दोन प्रसंगी हमखास कानी पडतात. कुणी अकाली गेलं की, आणि मुलीला नको असलेलं स्थळ तिच्या गळी उतरवायचं असलं की. पहिल्या वेळी त्यात निदान सांत्वन असतं, दुसऱ्या वेळी निव्वळ दडपण. पाळकांनी किंवा पंचांनी आपल्याच मताला हे नाव दिलं, की पुढे बोलायची सोयच उरत नाही. देवाची इच्छा ओळखायची तर आधी वाद घालायची मुभा हवी, असं मला वाटतं. हे माझं पदरचं मत नाही. आपल्याच भाषेतल्या एका बाईने ते जगून दाखवलं आहे, आणि ती बाई जन्मली याच कर्नाटकात, गंगामूळच्या रानात, १८५८ साली.

ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. त्यांच्यावरची आपली व्याख्यानं साधारण इथेच संपतात. खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. ज्या मठवासी भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्यातल्याच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रांतून वर्षानुवर्षं झगडा केला. त्रैक्य, ख्रिस्ताचं देवपण, चर्चचा अधिकार, सगळ्यावर प्रश्न. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, इथपर्यंत. इंग्लंडातल्याच चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांनी कळवलं, तेव्हा त्या संतापल्या. आज्ञा देवाची की बिशपांची, हे आपला विवेक ठरवील, अशी त्यांची भूमिका होती. आज अशी सून किंवा अशी सभासद आपल्या मंडळीला पेलवेल का, हा प्रश्न मी सभागृहावर सोडतो.

पुढे भारतात परतल्यावर, १८९१च्या सुमारास, त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळायचा राहिला होता. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी! ही कबुली त्यांनी स्वतः लिहून ठेवली. साक्ष देताना आपण ही मधली वर्षं गाळतो: काल अंधार होता, आज उजेड आहे, टाळ्या.

मग आला १८९६चा दुष्काळ. रमाबाईंचे आईवडील १८७४ साली दुष्काळातच गेले होते. उपाशी पोटी वणवण म्हणजे काय, ते त्यांच्या अंगाला ठाऊक होतं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली पुण्याला घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, एवढ्या मुलींना शहरात ठेवता येईना. पुण्याजवळच्या केडगावला आधी घेतलेली जमीन होती, तिथे बिऱ्हाड हललं आणि मुक्ती सदन उभं राहिलं. यात आकाशवाणी कुठेच नाही. स्वतः सोसलेली भूक, समोर दिसणारी गरज, हाताशी असलेली जमीन आणि गुडघे टेकून केलेली प्रार्थना एवढ्यावर त्यांनी निर्णय घेतला. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून एकट्याने बायबल मराठीत आणत होत्या. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते छापून निघालं. खिळे जुळवले मुक्तीच्याच बायकांनी.

टिळक दांपत्याचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई नवऱ्यामागोमाग गेल्या नाहीत. जातिभेद देवाने केलेला नाही, हे स्वतःच्या विचाराने पटल्यावर, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याला झालेला साक्षात्कार बायकोला उसना चालत नाही, हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना पानोपानी कळतं. खुद्द टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला, तोही असाच आतल्या सादेने.

कुणी म्हणेल, ही बंडखोरी झाली, आज्ञापालन कुठे आहे? गेथशेमाने बागेत प्रभूने पित्याजवळ आपलं मागणं तीनदा मांडलं आणि मगच तो उठला. तिथे नकार बोलून दाखवायला जागा होती. ती जागा आपण आपल्या लेकींना, सुनांना, शंका विचारणाऱ्या पोरांना देतो का?

या शहरात बायबल सोसायटीचं मुख्यालय आहे, १९१० साली स्थापन झालेलं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. अभ्यासाची साधनं हाताशी आहेत. तेव्हा इथल्या लिहित्या मंडळींना माझी विनंती आहे: यापुढे साक्ष लिहाल तेव्हा मधली वर्षं गाळू नका. देवाशी कशावरून भांडलात, कुणाचा सल्ला धुडकावलात, कोणती प्रार्थना अजून अनुत्तरित आहे, तेही लिहा. आणि संपादकांनो, असा मजकूर आला तर तो सौम्य न करता छापा.