वर्गात एक मिळविला तर?



गणिताचे नाव काढताच मागल्या रांगेतील मंडळी दाराकडे पाहू लागतात, हे आम्ही जाणतो. म्हणून फळा-खडू न घेता एकच प्रश्न मांडतो. एखादी संख्या घ्या, तिचा वर्ग करा आणि त्यात एक मिळवा. ४ घेतल्यास १७ येतात, ६ घेतल्यास ३७, १० घेतल्यास १०१. या साऱ्या मूळ संख्या. ८ घेतल्यास मात्र ६५, म्हणजे तेरा पंचे पासष्ट! १ पासून १०० पर्यंत अशा मूळ संख्या १९ वेळा मिळतात. पुढे हे पीक कधी संपेल काय?

ऑयलरने १७७२ साली याहून सुपीक जमीन दाखविली. वर्गातून तीच संख्या वजा करा आणि ४१ मिळवा. १ पासून ४० पर्यंत दर वेळी मूळ संख्याच येते! चाळीस साक्षीदार एकमुखाने बोलल्यावर कोणाला शंका येईल? पण ४१ घ्या. वजा केलेले ४१ पुन्हा मिळविले जातात आणि उरतो ४१ चा नुसता वर्ग. तरीही पहिल्या शंभरांत ८६ वेळा मूळ संख्या येतेच.

यात जादू नाही. या सूत्रातून येणाऱ्या कोणत्याही संख्येला २, ३, ५ पासून ३७ पर्यंतची एकही मूळ संख्या भाग देत नाही. मग १६८१ च्या खालची संख्या फुटणार कशी? आमच्या पहिल्या सूत्राचेही थोडे तसेच आहे. वर्गाला तिनाने भागले तर बाकी शून्य किंवा एक. त्यात एक मिळविल्यावर तीन कधी भाग देणार नाही. दोन मात्र निम्म्या वेळा देतो, म्हणून पीक उतरते.

अशा बाक्यांच्या हिशेबावरून किती मूळ संख्या मिळाव्यात, याचा अंदाज हार्डी आणि लिटलवुड यांनी १९२३ साली बांधला. यंत्रांनी केलेली मोजणी त्याच्याशी जुळते. सिद्धता मात्र नाही. वर्ग नसलेल्या सरळ सूत्रांचा निकाल डिरिक्लेने १८३७ सालीच लावला होता. केंब्रिजच्या १९१२ च्या परिषदेत लांडाउने वर्गाचा प्रश्न अवघड म्हणून पुढे ठेवला, तो आजही तेथेच आहे. इवानिएट्सने १९७८ साली एवढे सिद्ध केले, की वर्गात एक मिळविल्यावर फार तर दोनच मूळ अवयव असतील, असे अनंत वेळा घडते. १९९८ साली त्याने फ्रीडलँडरसह आणखी मजल मारली: एका संख्येचा वर्ग आणि दुसरीचा चौथा घात यांच्या बेरजेतून अनंत मूळ संख्या निघतात. त्यातली दुसरी संख्या १ वर बांधून ठेवली, की आमचाच प्रश्न समोर येतो, आणि तेथे ती युक्ती चालत नाही.