पारितोषिक आणि श्रमाचे मोल

२१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात फिल्मफेअर पारितोषिकांचा पहिला समारंभ झाला. पारितोषिके अवघी पाच होती. संगीताचे पारितोषिक ‘बैजू बावरा’साठी नौशाद यांना मिळाले, गायकांसाठी मात्र पारितोषिकच नव्हते. १९५७ साली ‘चोरी चोरी’साठी शंकर-जयकिशन यांची निवड झाली, तेव्हा त्या समारंभात गाण्यास लता मंगेशकर यांनी नकार दिला. गायकांना पारितोषिक नसेल, तर तेथे गावे कशासाठी, हा त्यांचा सवाल होता. १९५९ मध्ये पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले.

हा केवळ मानापमानाचा प्रसंग नव्हे. श्रमाला आधी नाव मिळावे लागते. मगच त्याचे मोल मागता येते. लताबाईंच्या नकाराला वजन होते, कारण त्यांच्या आवाजावाचून चित्रपटसृष्टीचे अडत होते. वाद्यवृंदातील व्हायोलिनवादकाचे तसे नसते. शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे वाद्यवृंद-संयोजन करणारे गोमंतकीय सेबॅस्टियन डिसूझा बहुसंख्य श्रोत्यांना अपरिचितच राहिले. एकट्या वादकाने नकार दिला, तर उद्या त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो. म्हणून त्याला संघटना हवी आणि कायद्याचे पाठबळही हवे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा राखला, तो लढ्यानंतरच.

समारंभात टाळ्या जरूर वाजवाव्यात. परंतु व्यासपीठावर कोण आले, याबरोबरच कोणाला बोलावलेच नाही, हेही विचारले पाहिजे.