कॉलेजशेजारचे घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी काही उपयोगाचे बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. पाककृती आणि भरतकाम यांवर बोलणाऱ्या माझ्याहून तरबेज भगिनी येथे बसल्या आहेत. म्हणून मी आपल्या दाराबाहेरचाच विषय घेतला आहे. कॉलेजच्या आसपास राहायला माणसांना का आवडते, आणि ती गोडी टिकावी म्हणून आपण काय करावे, एवढेच मला सांगायचे आहे.

आपले शहर २०२४ पासून अहिल्यानगर झाले, पण जुन्या संस्थांची नावे मी जुनीच घेते. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी जून १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज सुरू केले. त्याआधी नगरच्या मुलाला पदवी हवी तर पुण्याची वाट धरावी लागे. पुढे १९६२ साली पेमराज सारडा महाविद्यालय निघाले, १९७० साली लालटाकीला न्यू आर्ट्‌स निघाले. सावेडीत तर एका चौकाचे नावच प्रोफेसर कॉलनी चौक पडले. कॉलेज आले की त्याच्यामागे वस्ती येते, ती अशी.

या वस्तीचे रूपच निराळे. बाजारपेठेतली आळी दुकाने मिटली की निजते. आपली आळी परीक्षेच्या दिवसांत मध्यरात्रीनंतरही जागी असते. वह्यांचे दुकान, झेरॉक्सवाला, इस्त्रीवाला, पोह्यांची गाडी या सर्वांचे पोट विद्यार्थ्यांवर चालते. दहा-बारा डबे करून एखादी बाई आपला संसार सावरते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, पारनेर अशा चहूकडची बोली आपल्या ओट्यावर ऐकू येते. आपल्या मुलाचे गणित अडले तर शेजारच्या खोलीतला दादा सोडवून देतो. मे महिन्यात ही मुले गावी गेली की मग कळते, आळीला जीव कोणामुळे होता ते.

पण भगिनींनो, दुकाने आणि गजबज एस. टी. स्टँडवरही असते. कॉलेजच्या वस्तीची खरी गोडी दुसऱ्याच्या मुलाला आपल्या घरात जागा मिळते, यात आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. नगरात राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण वाचली आहेत. त्यांच्या घरात परकी मुले किती सहज घरची होत, हे मी सांगायला नको. शिकायला येणारी बाईही नगरला नवी नाही. मिस सिंथिया फरार यांनी येथे १८३९ पासून मुलींच्या शाळा चालवल्या, आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडेच घेतले.

आज मात्र खोली देताना आपण आधी भाडे पाहतो, मग आडनाव विचारतो. मुलगी असली तर ‘जबाबदारी नको’ म्हणून दार लावतो. या एका ‘नको’ने काय होते, ते पाहा. पाथर्डीकडची कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. वयात आलेल्या मुलीला मागे कोणाकडे ठेवायचे, हा आईबापांपुढचा प्रश्न. जागा मिळाली नाही तर मुलगी फडावर जाते, नाहीतर लवकर बोहल्यावर चढते. अशीच एक मुलगी आमच्या मागच्या खोलीत तीन वर्षे राहिली. पहिल्या दिवशी तिच्या वडिलांनी भाडे विचारलेच नाही. ते एवढेच म्हणाले, “बाई, रात्री दाराला आतून कडी लागते ना?” आज ती मुलगी शिक्षिका आहे.

२०२४ साली सरकारने, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि ठरवून दिलेल्या प्रवर्गांतल्या घरच्या मुलींना, व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगले झाले. पण फी माफ झाली म्हणून डोक्यावर छप्पर येत नाही. वसतिगृहात जागा मोजक्या असतात. उरलेल्या मुलींनी कोठे जावे?

म्हणून माझी सूचना अशी. मंडळाने एक वही घालावी. ज्यांच्याकडे मुलींसाठी खोली असेल त्यांची नावे तीत असावीत. भाडे आधी ठरलेले असावे आणि त्याची पावती द्यावी. आपल्यापैकी एकीने महिन्यातून एकदा प्रत्येक खोलीवर जाऊन मुलींची विचारपूस करावी. आणि त्या वहीत जातीचा रकाना नसावा. यास पैसा लागत नाही. हे दानही नव्हे. भाडे आपण घेणारच आहोत. फक्त भाड्याबरोबर थोडी माया द्यायची.

जून काही लांब नाही. वही आणण्याचे काम मी माझ्याकडे घेते. पहिले नाव कोण घालते, ते आजच सांगावे.