दाढेतली नस स्वतःला कशी सावरते

दाढ ठणकायला लागली की आपण म्हणतो, 'नस दुखतेय'. ही नस म्हणजे दाताच्या पोकळीतला मऊ, जिवंत गर. दंतवैद्य त्याला पल्प म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, आणि कडेने दाताचा आतला कठीण थर, म्हणजे डेंटिन, घडवणाऱ्या पेशींची रांग असते. या पेशींचं पुन्हा विभाजन होत नाही. निरोगी दातात त्याच पेशी कित्येक दशकं राबतात.

इतकं टिकायचं तर आतला कचरा निघायला हवा. बिघडलेली प्रथिनं, निकामी झालेले भाग पेशी एका सूक्ष्म पिशवीत बंद करते, पाचकरसांनी विरघळवते आणि सुटलेले घटक पुन्हा वापरते. ही ऑटोफॅजी. यीस्टवर प्रयोग करून तिची यंत्रणा उलगडणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना 2016 साली नोबेल मिळालं.

कीड खोल गेली की जंतूंची विषं गरापर्यंत झिरपतात आणि गराला सूज येते. गाल सुजला तर फुगतो. दाताच्या भिंती हलत नाहीत, म्हणून आत दाब वाढतो आणि असह्य कळा येतात. अशा वेळी ऑटोफॅजी पेशीत शिरलेले जंतू पचवते, दाह आवरायला मदत करते. मारा फारच झाला तर तीच पेशीच्या मरणालाही हातभार लावू शकते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. उतारवयात तिचा जोर ओसरतो, न पचलेला कचरा साठतो.

उपवासाने ऑटोफॅजी वाढते असं हल्ली फार ऐकू येतं. पण उपवासाने किडलेली दाढ बरी होत नाही, हे मी ठामपणे सांगते.

थंड पाण्याने कळ येऊन लगेच थांबत असेल, तर गर बहुधा सावरू शकतो. तेव्हाच कीड काढून सिमेंट भरून घ्या. कळ रेंगाळू लागली, रात्री आडवं होताच ठणका उठू लागला, तर बहुतेकदा रूट कॅनालची वेळ आलेली असते. आणि बऱ्याच दिवसांचा ठणका उपचाराविना थांबला, तर गर मेलेला असू शकतो. आत संसर्ग पसरतच राहतो. कृपा करून दुखण्यावर मिशरी लावू नका, हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवू नका, तिथली त्वचा भाजते. घरात उरलेली अँटिबायोटिकं घेऊनही सुजलेली नस शांत होत नाही. दवाखान्यात गेलात की एवढं आवर्जून विचारा: डॉक्टर, नस जिवंत आहे का, आणि ती वाचवता येईल का?