रविवारचा धर्म आणि सोमवारचा धर्म



मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने. ख्रिस्ती माणसाचा तोच उपासनेचा वार. मला मात्र आज सोमवारबद्दल बोलायचे आहे. रविवारी डोळे मिटून जे ऐकले, ते सोमवारी कारखान्याचा भोंगा झाल्यावर कुठे जाते?

मी ख्रिस्ती नाही, आणि पंडित तर मुळीच नाही. माझे शिक्षण रात्रशाळेतले. पुढचे सारे युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांवर झाले. त्याच कपाटात मला तोयोहिको कागावा हे जपानी गृहस्थ भेटले. ते ख्रिस्तसभेचे पाळक होते. आपले मराठी ख्रिस्ती बंधू धर्मोपदेशकाला 'पाळक' म्हणतात. फार चांगला शब्द आहे. पाळणारा, राखणारा. पण राखायचे कोणाला, आणि कोणापासून? कागावांचे सगळे आयुष्य ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेले.

त्यांचा जन्म १८८८ सालचा, कोबे बंदरातला. चार-पाच वर्षांचे असतानाच आईबाप गेले. पंधराव्या वर्षी मिशनऱ्यांच्या सहवासात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे क्षयाने गाठले. मरणाच्या दारातून परत आलेला हा विद्यार्थी १९०९ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी आपले सामान घेऊन कोबेच्या शिंकावा वस्तीत राहायला गेला. गोदीत ओझी वाहणारे, रोजंदारीवर जगणारे, भिकारी, वेश्या, जुगारी अशांची ती वस्ती. इवलीशी खोली, आणि तिथे जो येईल त्याला जागा. तिथेच त्यांच्या डोळ्यांना खुपऱ्या झाल्या. त्या दुखण्याने जन्मभर पाठ सोडली नाही.

त्या वस्तीत एक भयंकर धंदा चाले. नको असलेले तान्हे मूल थोड्या पैशांसह कोणाकडे तरी सोपवायचे. पैसे खर्च झाले की त्या पोराची उपासमार. असे एक मूल कागावांनी आपल्या खोलीत आणून वाढविण्याची धडपड केली. प्रवचन करणाऱ्या माणसाला रात्रभर रडणारे पोर सांभाळावे लागले, म्हणजे त्याच्या प्रवचनाची भाषा बदलते.

त्यांची शिकवण थोडक्यात अशी, की ख्रिस्ताने दुसऱ्यांच्या पापाचा भार आपल्या अंगावर घेतला, हे जर खरे मानायचे, तर त्याच्या अनुयायाने शेजाऱ्याच्या दोषाची आणि दुःखाची जबाबदारी आपली म्हणून उचलली पाहिजे. क्रूस ही केवळ नमस्कार करण्याची वस्तू नव्हे, ती रोज करायची हमाली आहे. 'हमाली' हा शब्द माझा, अर्थ त्यांचा.

पण ही हमाली एकट्याने करून भागेना. एका भुकेल्याला जेवू घालावे, तो दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन येतो. १९१४ साली कागावा शिक्षणासाठी अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. तिकडे न्यूयॉर्कच्या रस्त्यावर शिवणकामगारांचा प्रचंड मोर्चा त्यांनी पाहिला, आणि त्यांच्या मनाने घेतले की गरिबाची सुटका गरिबाच्या संघटनेतच आहे. १९१७ साली परतल्यावर ते कामगार चळवळीत उतरले. १९२१ च्या उन्हाळ्यात कोबेच्या मित्सुबिशी आणि कावासाकी गोद्यांतल्या सुमारे ३०,००० कामगारांचा संप झाला. युद्धपूर्व जपानमधला तो सर्वांत मोठा संप. मोर्च्याच्या अग्रभागी हा पाळक. त्यांना अटक झाली, पुढाऱ्यांची धरपकड झाली, आणि ऑगस्टमध्ये संप मोडला.

संप मोडणे म्हणजे काय, हे गिरणगावाला सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप आणि त्यानंतरची घरे आपण पाहिली आहेत. त्या वेळी श्रद्धेची खरी कसोटी लागते. जिंकताना घोषणा सगळेच देतात. हरल्यावर फाटकाशी कोण उरतो? कामगार संघटनांतल्या तरुण जहालांना कागावांचा अहिंसेचा आग्रह मवाळ वाटला आणि ते त्यांच्यापासून दूर गेले. तरी हा गृहस्थ घरी बसला नाही. त्याच १९२१ साली त्यांच्या पुढाकाराने कोबेत ग्राहकांची सहकारी संस्था निघाली; तिचीच आजची वारस असलेल्या संस्थेचे दहा लाखांहून अधिक सभासद आहेत. १९२२ साली सुगियामा मोतोजिरो ह्या दुसऱ्या पाळकाबरोबर त्यांनी कुळांची शेतकरी संघटना उभी केली. १९२३ साली भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाले, तेव्हा ते मदतकार्याला तिकडे धावले.

बायबलात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आहे. सकाळी कामाला लागलेल्याला आणि दिवस मावळता आलेल्याला धनी सारखीच मजुरी देतो. आमचा कामगार हे ऐकून विचारतो, "हा कुठला न्याय, साहेब?" प्रश्न रास्त आहे. पण शेवटी आलेला मजूर आळशी होता असे त्या गोष्टीत नाही. तो दिवसभर बाजारात उभा होता. त्याला कोणी कामावर घेतलेच नाही. आपल्या शहरांतल्या मजूरनाक्यावर सकाळी आठ वाजता जाऊन पाहा, तो तिथेच उभा दिसेल. त्याच्या घरची चूल काही निम्म्या शेराने भागत नाही. कायम कामगाराने कंत्राटी कामगाराकडे कोणत्या नजरेने पाहावे, ह्याचा सगळा पाठ ह्या दाखल्यात आहे.

आता दुसरी बाजू. मोठ्या माणसाला शेंदूर फासून कोनाड्यात बसविले, की त्याच्यापासून शिकायचे राहूनच जाते. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गरिबांच्या मानसशास्त्रावरील ग्रंथात कागावांनी बुराकू समाजाविषयी, म्हणजे जपानात अस्पृश्य गणल्या गेलेल्या लोकांविषयी, त्यांचा वंशच निराळा आणि हीन अशा अर्थाची विधाने केली. ज्यांच्या सेवेला आयुष्य दिले त्यांच्याविषयीच असे लिहिले! बुराकू लोकांनी १९२२ साली सुइहेइशा ही स्वतःची संघटना काढली ती दुसऱ्याच्या दयेवर विश्वास उरला नाही म्हणून. ज्या महाराष्ट्रात बाबासाहेब झाले, तिथे हे समजावून सांगण्याची गरज नाही. दया वरून खाली पाहते. हक्क समोर उभा राहून बोलतो.

आणि युद्ध? कागावा शांततावादी. १९३९ च्या आरंभी ते हिंदुस्थानात आले असता गांधीजींना भेटले. जपानने चीनवर केलेल्या आक्रमणाचे शल्य त्यांच्या मनात होते. १९४० साली लष्करी पोलिसांनी त्यांना अटकही केली. पण पुढे युद्धाच्या ऐन भरात त्यांनीच नभोवाणीवरून अमेरिकेविरुद्ध भाषणे केली. मालकासमोर न वाकलेला माणूस राष्ट्रासमोर वाकला. १९६० साली ते वारले.

हे सांगण्यात मला त्यांना खाली ओढायचे नाही. श्रद्धा एकदा मिळाली म्हणजे जन्माची सोय झाली असे होत नाही, एवढेच त्यातून दिसते. ती रोज सकाळी नव्याने कामावर हजर व्हावी लागते. कालच्या हजेरीवर आजचा रोज मिळत नाही.

एका कारखान्याच्या आवारात मालकाने संगमरवरी देऊळ बांधले. आरतीला कामगारही जमत. त्याच कारखान्यात कंत्राटी बायकांच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे पगारातून कापले जात आणि भरले मात्र जात नसत. आम्ही तक्रार केली, तेव्हा "एवढ्या धर्मशील माणसावर आरोप करता?" असे आम्हालाच ऐकावे लागले. धर्म कोणताही असो, त्याचा हिशेब देवळाच्या उंचीवर होत नाही, पगाराच्या वहीत होतो. आणि आम्हा संघटनावाल्यांनाही तीच वही लागू आहे. व्यासपीठावर समतेचे गोडवे गाऊन सफाई कामगाराला मागच्या बाकावर बसविणारी युनियन कुठल्या तोंडाने मालकाला बोल लावणार?

माझा देवावर विश्वास आहे की नाही, हा प्रश्न घरी जाताना आपण बाजूला ठेवा. आपला ज्याच्यावर आहे त्याला उद्या कामावर सोबत न्या. आणि शेजारच्या माणसाला पुरी मजुरी मिळाली की नाही, हे त्याच्या साक्षीने विचारा.