राजमान्यतेआधी लोकमान्यता



विद्यापीठ म्हटले की सरकारी सनद, भव्य इमारती आणि अनुदान डोळ्यांपुढे येते. १९१६ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी पुण्याजवळ हिंगण्यास महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा यांतले काहीही त्यांच्यापाशी नव्हते. विद्यार्थिनीही बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून अण्णांच्या मनात ही कल्पना रुजली होती. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा केवळ एक विषय, असा त्यांचा आग्रह. पदवीला सरकारमान्यता नव्हती. तरीही आपल्या लेकीसुनांना तेथे धाडणारी घरे पुढे आली. हीच त्या विद्यापीठाची पहिली सनद!

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठास लाभले. पुढे सत्तरी ओलांडलेले अण्णा निधीसाठी युरोप, अमेरिका, आफ्रिका फिरले. १९३६ साली मुख्यालय मुंबईस गेले. कायद्याची मान्यता मात्र १९५१ साली मिळाली. म्हणजे तब्बल ३५ वर्षांनी!

आज चर्चगेट, जुहू आणि पुणे येथे या विद्यापीठाचा मोठा विस्तार दिसतो. त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याची गोष्ट निघाली की आपण आजही शासनाकडे बोट दाखवतो. अण्णांनी आधी वर्ग भरवले, मान्यता मागाहून आली. हा क्रम आपण विसरता कामा नये.